आल्फ्रेड वेगेनर

आल्फ्रेड लोथार वेगेनर (१ नोव्हेंबर १८८०, बर्लिन – नोव्हेंबर १९३०, ग्रीनलँड) हे जर्मन हवामानशास्त्रज्ञ व ध्रुवीय संशोधक होते. भूखंडवहन सिद्धांताचे जनक म्हणून ते ओळखले जातात. मात्र भूशास्त्र हा त्यांच्या पदवीचा विषय नव्हता, आणि विरोधकांनी ही गोष्ट कधी विसरू दिली नाही.

१९०५ मध्ये बर्लिन विद्यापीठातून खगोलशास्त्रात डॉक्टरेट मिळवल्यावर ते हवामानशास्त्राकडे वळले. १९०६ मध्ये बंधू कुर्ट यांच्यासह त्यांनी सलग ५२ तासांहून अधिक काळ बलूनमध्ये राहण्याचा विक्रम केला व त्याच वर्षी ते डॅनिश मोहिमेबरोबर ग्रीनलँडला गेले. हवामानतज्ज्ञ व्लादिमिर क्योपेन यांची कन्या एल्से यांच्याशी १९१३ मध्ये त्यांचा विवाह झाला.

भूखंडवहन सिद्धांत

दक्षिण अमेरिका व आफ्रिका यांचे किनारे परस्परांत बसतात, हे पूर्वीही अनेकांच्या लक्षात आले होते. वेगेनर यांनी त्याला खडक, जीवाश्म व प्राचीन हवामान यांच्या पुराव्यांची जोड दिली. मेसोसॉरस या लहान सरीसृपाचे अवशेष केवळ अटलांटिकच्या या दोन काठांवरच सापडतात. ग्लॉसोप्टेरिस ही वनस्पती भारत, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका व दक्षिण अमेरिका येथे आढळते. विदर्भातील वर्धा खोऱ्याचा कोळसा त्याच काळातील गोंडवाना खडकांत आहे. आज उष्ण असलेल्या या भूभागांवर प्राचीन हिमनद्यांच्या खुणाही आहेत. बुडालेल्या भूसेतूंची तत्कालीन कल्पना त्यांना मान्य नव्हती, कारण हलके भूखंड जड सागरतळात बुडणे शक्य नाही. सर्व भूखंड पूर्वी पँजिया या एकाच महाखंडाचे भाग होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्ट येथे त्यांनी ते प्रथम मांडले. १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात जखमी होऊन रजेवर असताना, त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला.

भूखंड कोणत्या बलाने सरकतात, याचे समाधानकारक उत्तर मात्र त्यांच्यापाशी नव्हते. त्यांनी सुचवलेली भरती-ओहोटीची बले फारच क्षीण असल्याचे हॅरोल्ड जेफ्रीज यांनी गणिताने दाखवले. १९२६ च्या न्यूयॉर्क येथील परिसंवादात अमेरिकन भूशास्त्रज्ञांनी सिद्धांतावर कठोर टीका केली. जर्मनीत प्राध्यापकपद न मिळाल्याने वेगेनर १९२४ मध्ये ऑस्ट्रियातील ग्रात्स विद्यापीठात गेले होते.

अखेरची मोहीम

१९३० च्या मोहिमेत ग्रीनलँडच्या मध्यावरील आइसमिटे तळावर हिवाळ्यासाठी पुरेसे साहित्य पोहोचले नव्हते. वेगेनर सप्टेंबरमध्ये १४ सोबत्यांसह किनाऱ्यावरून निघाले. त्यांतील १२ जण वाटेतून परतले. तळावर पोहोचल्यावर, पन्नासाव्या वाढदिवशी, ते रास्मुस विलुमसेन या ग्रीनलँडवासी सहकाऱ्यासह परत निघाले. वाटेत त्यांचा मृत्यू झाला. विलुमसेन यांनी त्यांना व्यवस्थित पुरून खूण म्हणून बर्फावर घसरण्याच्या पट्ट्या रोवल्या, त्यामुळे मे १९३१ मध्ये मृतदेह सापडला. विलुमसेन यांचा शोध कधीच लागला नाही.

१९६० च्या दशकात सागरतळ विस्तारतो हे चुंबकीय मोजणीतून स्पष्ट झाले आणि भूपट्ट सिद्धांताच्या रूपाने भूखंडवहन मान्य झाले. ग्रीनलँड वर्षाला कित्येक मीटर सरकते, हा वेगेनर यांचा अंदाज अतिशयोक्त होता. युरोप व उत्तर अमेरिका प्रत्यक्षात वर्षाला सुमारे २ ते २.५ सेंटीमीटरने दूर जात आहेत.