बोट जळाली, तरी गडी पुन्हा निघाला

आपली कुंडलिका पुलावरून एका नजरेत मावते ना? आता अशी नदी डोळ्यांसमोर आणा, जिच्या पात्रातच सुमारे ४०० बेटं आहेत. पाणी कोऱ्या चहासारखं काळं, पूर आला की बेटंच्या बेटं बुडतात. ब्राझीलमधल्या मानौसजवळचा हा अनाविल्यानास द्वीपसमूह. आज तिथे टुरिस्ट बोटीने जंगल बघत फिरतात. १८५० साली याच रिओ निग्रो नदीवर आल्फ्रेड रसेल वॉलेस आला होता, बेटांवरचा छत्रीपक्षी शोधायला. डोक्यावर खरंच छत्रीसारखा तुरा!

वॉलेसकडे डिग्री नव्हती. जन्म १८२३चा, वेल्समधला. पैशांअभावी चौदाव्या वर्षी शाळा सुटली, मग जमीनमोजणीची कामं. पंचविशीत मित्र बेट्ससोबत त्याने ॲमेझॉन गाठलं. खर्चासाठी पक्षी, कीटक मारून लंडनला विकायचे. आज हे खटकतंच. मदतीला आलेला धाकटा भाऊ हर्बर्ट पीतज्वराने तिथेच गेला. वॉलेस मात्र बघत राहिला : नदीच्या या काठावरचं माकड त्या काठावर का नाही?

१८५२मध्ये परतताना भर समुद्रात जहाजाला आग लागली. बरोबरचा जवळजवळ सगळा संग्रह खाक. दहा दिवस उघड्या होडीत काढले. वाचली ती थोडी चित्रं, मासे आणि ताडाच्या झाडांची.

तुम्ही पुन्हा गेला असतात? तो १८५४मध्ये मलय द्वीपसमूहाकडे निघाला. तिथूनच १८५८ साली नैसर्गिक निवडीवरचा लेख त्याने डार्विनला पाठवला.

माशांची ती चित्रं आजही लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत.