शिक्षकांचे शिक्षक : बाळशास्त्री जांभेकर

६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' हे मराठीतील पहिले वृत्तपत्र निघाले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ दरवर्षी ६ जानेवारीस पत्रकारदिन साजरा होतो आणि 'दर्पण'कर्ते बाळशास्त्री जांभेकर यांना सर्वत्र वंदन केले जाते. परंतु या थोर पुरुषाचे आणखी एक कार्य आहे, आणि ते विद्यार्थ्यांच्या अधिक जवळचे आहे. नवी शास्त्रे मराठी शाळांत यावीत व ती शिकविणारे शिक्षक तयार व्हावेत, यासाठी ते झिजले. त्या कार्याची ओळख करून द्यावी, एवढाच आमचा हेतू आहे.

बाळशास्त्र्यांचा जन्म १८१२ साली कोकणातील पोंभुर्ले या खेड्यात झाला. वडील गंगाधरशास्त्री विद्वान होते. त्यांच्यापाशीच मुलाचे संस्कृत अध्ययन झाले. पुढे इंग्रजी विद्येच्या ओढीने तो मुंबईस आला. अवघ्या काही वर्षांत त्याने गणितात व इंग्रजीत अशी गती मिळविली की, वयाच्या विशीतच तो एतद्देशीय शिक्षणसंस्थेचा चिटणीस झाला. बाळशास्त्र्यांना अनेक भाषा अवगत होत्या आणि त्यांत कानडीही होती, हे आमच्या सीमाभागातील वाचकांना वाचून विशेष आनंद होईल.

त्या काळच्या गावठी शाळेचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. पंतोजी मुलांकडून धुळाक्षरे गिरवून घेत, पाढे व पावकी-निमकी घोकून घेत, मोडी वाचावयास शिकवीत. व्यवहारापुरते ते ज्ञान उपयोगी होते; पण पृथ्वी सूर्याभोवती का फिरते, पाऊस कसा पडतो, हे सांगणारे पुस्तक शाळेत नव्हते. पुस्तक लिहावे तर मराठीत शब्द नव्हते. आणि शब्द घडविले तरी ते समजावून देणारा शिक्षक कोठे होता? शिक्षणसंस्थेने १८२६ च्या सुमारास २४ शिक्षक तयार करून बाहेरगावी धाडले होते खरे, पण एवढ्या विस्तीर्ण इलाख्यात ते कितीसे पुरणार!

बाळशास्त्र्यांनी प्रथम पुस्तकांच्या उणिवेस हात घातला. भूगोल, ज्योतिष, गणित, इतिहास, व्याकरण अशा नाना विषयांवर त्यांनी मराठीत लेखन केले. १८३४ साली ते एल्फिन्स्टन विद्यालयात अध्यापक झाले. तेथे दादाभाई नौरोजी व केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारखे शिष्य त्यांना लाभले. कुलाबा वेधशाळेचा कारभारही त्यांनी काही काळ पाहिला. १८४० साली त्यांनी 'दिग्दर्शन' हे मासिक काढले. पदार्थविज्ञान, रसायन, भूगोल असे विषय त्यात सोप्या मराठीत येऊ लागले. ज्यांना विद्यालयाचे दार दुर्लभ होते, त्यांच्या घरी या मासिकाने शास्त्र नेऊन पोहोचविले.

परंतु शिकविणारा तयार नसेल तर उत्तम पुस्तकही फळीवर धूळ खात पडते. शाळा-तपासनिसाच्या कामात बाळशास्त्र्यांना शाळांची खरी स्थिती जवळून पाहता आली. १८४५ साली मुंबईत अध्यापकवर्ग निघाला आणि त्याची धुरा त्यांच्याकडे आली. होतकरू तरुणांना विषय नीट शिकवावा, तो कसा शिकवावा हेही दाखवावे आणि मग त्यांना शाळांवर पाठवावे, अशी ही योजना होती. एक शिक्षक घडला की शेकडो मुलांना दृष्टी येते, हे तिच्यामागील साधे गणित होते.

दुर्दैव असे की, या कामास जेमतेम आरंभ होतो न होतो तोच, मे १८४६ मध्ये, ऐन चौतिशीत बाळशास्त्री निवर्तले. महाराष्ट्राची ही हानी मोठी होती. तथापि त्यांनी लावलेला दिवा विझला नाही. अध्यापकवर्गाचा भार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी उचलला. केरूनाना छत्रे यांनी अंकगणित व पदार्थविज्ञान यांवर मराठीत शालेय पुस्तके लिहिली. गुरूचे अपुरे काम शिष्याने पुढे न्यावे, याहून उत्तम गुरुदक्षिणा ती कोणती?

बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. १९५६ साली तो त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. राज्ये बदलली, पाठ्यपुस्तके बदलली, अभ्यासक्रम तर वरचेवर बदलतात. पण बेळगाव-निपाणीकडील मराठी शाळांत आजही मुले विज्ञान मायबोलीतून शिकतात. नवा अभ्यासक्रम आला की पुस्तकांची चर्चा होते, प्रयोगशाळेतील साहित्याची होते, ती व्हावीच. परंतु शिक्षकांच्या तयारीसाठी वेळ व साधने दिल्यावाचून ते सारे व्यर्थ होय, हा बाळशास्त्र्यांच्या चरित्राचा बोध आम्हांस वाटतो. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या शिक्षक व्हाल. शास्त्र स्वतः समजून घेऊन ते दुसऱ्यास सोप्या मराठीत समजावून देणे हीही देशसेवाच आहे, हे ध्यानात असू द्या.