खिदिरपूरचे मधुसूदन

गीतेत अर्जुन भगवंतास ज्या नावाने हाक मारतो, तेच नाव राजनारायण दत्त यांनी आपल्या पुत्रास ठेविले. २५ जानेवारी १८२४ रोजी जेसोर जिल्ह्यातील सागरदाडी ग्रामी मधुसूदनांचा जन्म झाला. पिता कलकत्त्याच्या सदर दिवाणी अदालतीत वकील असल्याने बिऱ्हाड खिदिरपुरास आले. माता जाह्नवीदेवी यांनी बालकाच्या अंतःकरणात रामायण-महाभारत रुजविले होते.

९ फेब्रुवारी १८४३ रोजी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यामागे ठरलेला विवाह टाळणे व विलायतेची ओढ हीही कारणे होती. ती केवळ सत्यजिज्ञासा म्हणवत नाही. हिंदू कॉलेजचे दार बंद झाले, घरी आकांत झाला. तरीही बिशप्स कॉलेजातील शिक्षणाचा खर्च पित्याने काही वर्षे सोसला, हे विसरू नये.

१८६१ साली ‘मेघनादवध’ काव्य प्रसिद्ध झाले. त्यातील रावणपुत्राचा कैवार भाविकांस खटकतो. पण त्याच वर्षी ‘व्रजांगना’ काव्यात त्यांनी राधेचा विरह गायिला. बाप्तिस्मा घेतलेल्याच्या मुखातून राधा बोलते, तेव्हा सत्याची मिरासदारी कोणत्या पंथाची म्हणावी?

२९ जून १८७३ रोजी ते दारिद्र्यात निवर्तले. सहचारिणी हेन्रिएटा तीनच दिवस आधी गेली होती. ज्या धर्मासाठी घर सोडले, त्याच्या अधिकाऱ्यांनीही दफनास अनुमती देताना आढेवेढे घेतले. अखेर एका धर्मोपदेशकाने धैर्य केले आणि लोअर सर्क्युलर रोडच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती मिळाली. समाधीवर त्यांचीच बंगाली कविता कोरलेली आहे. तीत सागरदाडी आहे, राजनारायण आहेत, जाह्नवी आहे; आणि कवीचे नाव ‘मायकेल’ नव्हे, श्रीमधुसूदन असे आहे.