बर्थलमय (प्रेषित)

संत बर्थलमय (बार्थोलोम्यू) हे येशू ख्रिस्ताच्या बारा प्रेषितांपैकी एक होते. त्यांचा काळ इ.स.चे पहिले शतक हा मानला जातो. नव्या करारात त्यांचे केवळ नाव आढळते. नंतरच्या परंपरांनी मात्र त्यांना भारत, अरबस्तान, इथिओपिया आणि आर्मेनिया अशा दूरच्या देशांत नेले. उत्तर कोकणातील कल्याण हे त्यांचे कार्यक्षेत्र होते, असे एक मत आहे. त्यामुळे वसई, ठाणे व मीरा-भाईंदर परिसरातील ख्रिस्ती समाजाच्या प्राचीनतेच्या चर्चेत त्यांचे नाव वारंवार येते.

नाव आणि ओळख

बर्थलमय हे अरामी भाषेतील पितृनाम असून त्याचा अर्थ तल्मयचा पुत्र असा होतो. मत्तय, मार्क व लूक यांच्या शुभवर्तमानांतील आणि प्रेषितांच्या कृत्यांतील प्रेषितांच्या याद्यांत हे नाव येते. पण त्यांची एकही उक्ती वा कृती तेथे नोंदलेली नाही. योहानाच्या शुभवर्तमानात बर्थलमय हे नाव नाही. तेथे फिलिप्प ज्याला येशूकडे आणतो, तो गालीलातील काना गावचा नथनेल भेटतो. पहिल्या तीन शुभवर्तमानांत बर्थलमय यांचे नाव फिलिप्पाच्या जोडीने येते. म्हणून नथनेल व बर्थलमय ही एकच व्यक्ती असावी, असे मत मध्ययुगात रूढ झाले. हा तर्क आहे. त्याला मूळ ग्रंथांत थेट आधार नाही.

भारतयात्रा आणि हिब्रू हस्तलिखित

भारतयात्रेचा सर्वांत जुना उल्लेख युसेबियस यांच्या चौथ्या शतकारंभीच्या चर्चच्या इतिहासात आहे. अलेक्झांड्रिया येथील ख्रिस्ती विद्यापीठाचे प्रमुख पँटेनस हे दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात गेले. तेथील काही लोकांकडे मत्तयाचे शुभवर्तमान हिब्रू लिपीत लिहिलेले त्यांना आढळले. बर्थलमय यांनी ते त्या लोकांपाशी ठेवले होते, असे युसेबियस सांगतात. हा मजकूर ऐकीव माहिती म्हणून दिलेला असून तो बर्थलमय यांच्यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी लिहिला गेला आहे.

चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम यांनी हीच हकीकत सांगताना तीत भर घातली. भारतीय दूतांच्या विनंतीवरून अलेक्झांड्रियाचे बिशप डेमेट्रियस यांनी पँटेनस यांना पाठविले आणि परतताना त्यांनी ते हस्तलिखित सोबत आणले, असे ते लिहितात. युसेबियस यांच्या वृत्तांतात या दोन्ही गोष्टी नाहीत. असे कोणतेही हस्तलिखित आज अस्तित्वात नाही. मत्तयाचे उपलब्ध शुभवर्तमान मूळ ग्रीक भाषेतच रचले गेले, असे बहुतेक आधुनिक अभ्यासक मानतात.

'भारत' म्हणजे कोणता प्रदेश?

प्राचीन ग्रीक व लॅटिन लेखक 'इंडिया' हे नाव सैलपणे वापरीत. तांबड्या समुद्रापलीकडील दक्षिण अरबस्तान आणि इथिओपियाचा भागही त्यात येई. रुफिनस यांच्या मते बर्थलमय यांच्या वाट्याला इथिओपियाला लागून असलेला अलीकडचा भारत आला होता. म्हणून अनेक अभ्यासक पँटेनस यांचा प्रवास दक्षिण अरबस्तानापर्यंतच झाला असावा, असे मानतात. दुसऱ्या एका तर्कानुसार केरळमधील ख्रिस्ती लोकांनी सांगितलेले 'मार थोमा' हे नाव परकीय पाहुण्याला 'बार तल्मय' असे ऐकू आले असावे.

कल्याण आणि उत्तर कोकण

विसाव्या शतकात ए. सी. पेरुमालिल आणि जॉर्ज मोराएस या इतिहासकारांनी बर्थलमय यांचे कार्यक्षेत्र कोकण किनाऱ्यावर, कल्याणच्या परिसरात होते, असे प्रतिपादन केले. बर्थलमय यांनी 'सुखी' म्हणवल्या जाणाऱ्या भारतीयांत प्रचार केला, असा एक प्राचीन उल्लेख आहे. 'सुखी' हे 'कल्याण' या नावाचे भाषांतर असावे, असा या मताचा एक आधार आहे. विरोधकांच्या मते हा उल्लेख 'सुखी अरबस्तान' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आजच्या येमेनचा आहे.

भौगोलिक दृष्ट्या असा प्रवास अशक्य नव्हता. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात सोपारा व कल्याण या बंदरांचा उल्लेख आहे. कान्हेरी लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आढळतात. उल्हास नदीच्या मुखाशी असलेल्या वसईच्या खाडीतून आत जाणारा जलमार्ग आजच्या भाईंदर व घोडबंदरच्या किनाऱ्यावरून जातो. मात्र व्यापारी मार्ग असणे हा विशिष्ट व्यक्ती तेथे आल्याचा पुरावा ठरत नाही.

या भागातील ख्रिस्ती वस्तीचा स्पष्ट उल्लेख सहाव्या शतकात कॉस्मस इंडिकोप्लुस्टेस यांनी केला आहे. त्यांच्या ग्रंथातील 'कलियाना' येथे पर्शियात अभिषेक झालेला बिशप होता. हे ठिकाण म्हणजे कल्याण, असे सामान्यतः मानले जाते. चौदाव्या शतकात ठाण्यात नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबे राहत होती, असे प्रवासी ओडोरिक यांनी नोंदवले. पण या दोघांच्या वृत्तांतांतून बर्थलमय यांच्याशी संबंध सिद्ध होत नाही. इ.स. १५३४च्या तहाने वसई व साष्टी हा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला आणि त्यानंतर येथे मोठ्या प्रमाणावर धर्मांतरे झाली. आजच्या ईस्ट इंडियन समाजाची कागदोपत्री नोंद मुख्यतः या काळापासून मिळते. पोर्तुगीजपूर्व ख्रिस्ती वस्तीशी या समाजाचे सातत्य किती, हा प्रश्न बर्थलमय यांच्या आख्यायिकेहून वेगळा आहे. आख्यायिका नाकारल्याने ती वस्ती नाकारली जात नाही.

मृत्यूविषयीच्या कथा

त्यांच्या हौतात्म्याच्या लॅटिन कथेत भारतातील पोलिमियुस नावाच्या राजाच्या मुलीला ते पिशाचबाधेतून मुक्त करतात आणि राजा बाप्तिस्मा घेतो. संतापलेला राजाचा भाऊ त्यांना ठार करवतो. ही नावे भारतीय इतिहासातील कोणत्याही ज्ञात राजाशी निश्चितपणे जुळवता येत नाहीत. आर्मेनियाच्या परंपरेनुसार त्यांचा मृत्यू त्या देशात झाला. बर्थलमय व थद्दय हे दोघे आर्मेनियन चर्चचे संस्थापक मानले जातात. कातडी सोलून त्यांना मारल्याची कथा सर्वाधिक प्रसिद्ध असली, तरी अन्य कथांत शिरच्छेद किंवा क्रूस येतो.

अवशेष आणि स्मृती

परंपरेनुसार त्यांचे अवशेष सिसिलीजवळील लिपारी बेटावर, तेथून इ.स. ८३८मध्ये इटलीतील बेनेव्हेंतो येथे आणि पुढे रोममधील टायबर नदीतल्या बेटावर नेण्यात आले. बेनेव्हेंतो व रोम या दोन्ही ठिकाणी त्यांचे अवशेष असल्याचे सांगितले जाते.

पाश्चात्त्य चर्चमध्ये त्यांचा सण २४ ऑगस्ट रोजी असतो. ते चर्मकामगारांचे आश्रयदाते संत मानले जातात. सिस्टिन चॅपेलमधील मायकेलअँजेलो यांच्या 'अंतिम न्याय' या भित्तिचित्रात ते स्वतःची सोललेली कातडी हातात धरून बसलेले दाखवले आहेत.