रामानुजन आणि एक पुस्तक

थोर गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी तमिळनाडूतील इरोड येथे झाला. बालपण कुंभकोणमला गेले. वडील कापड दुकानात कारकून, घरची परिस्थिती बेताची. वर्गातली गणितं त्यांना लवकरच पुरेनाशी झाली.

१९०३ च्या सुमारास कार यांचे एक पुस्तक त्यांच्या हाती आले. त्यात सुमारे ५००० सूत्रे होती, पण सिद्धता फारशा नव्हत्याच. त्या रामानुजन स्वतःच शोधू लागले!

या नादात बाकीचे विषय मागे पडले. कॉलेजात नापास झाले, शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासला कारकुनी करताना १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र लिहिले. हार्डींनी त्यांची बुद्धी ओळखली आणि १९१४ मध्ये ते इंग्लंडला गेले. १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. २६ एप्रिल १९२० रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आपल्याही वर्गात एखादं मूल गणितं झटपट सोडवून रिकामं बसतं ना? त्याला तशीच आणखी दहा गणितं देऊ नका. एक अवघड कोडं द्या. आणि बाकीचे विषय सुटणार नाहीत, एवढं जरूर बघा.