नेत्रवैद्य डॉ. कार्ल कोलर

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आईवडिलांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले असेल. डोळ्यात औषधाचे थेंब घालतात, डोळा बधिर होतो आणि माणूस जागेपणी ऑपरेशन करून घेतो. ही वाट ज्या यहुदी डॉक्टरांनी दाखविली, त्या डॉ. कार्ल कोलर यांची ओळख आम्ही वाचकांना करून देत आहोत.

डॉ. कोलर यांचा जन्म ३ डिसेंबर १८५७ रोजी बोहेमियातील सुशित्से गावी झाला. वैद्यकीचे शिक्षण त्यांनी व्हिएन्ना येथे घेतले. त्या काळी डोळ्याची शस्त्रक्रिया म्हणजे मोठे संकट असे. ईथर किंवा क्लोरोफॉर्म देऊन रोग्याला बेशुद्ध केले, तर मागाहून ओकाऱ्या होत व डोळ्याची ताजी जखम बिघडण्याची भीती असे. बेशुद्ध न केले, तर बिचाऱ्याला सर्व वेदना सोसाव्या लागत.

१८८४ साली त्यांचे स्नेही डॉ. सिग्मंड फ्रॉइड कोकेनचा अभ्यास करीत होते. कोकेनने जीभ बधिर होते, हे अनेकांना ठाऊक होते; पण डोळाही बधिर करता येईल, हे कोलर यांनी ताडले. प्रथम बेडकाच्या, मग सशाच्या व कुत्र्याच्या आणि शेवटी स्वतःच्या डोळ्यात थेंब घालून त्यांनी बुबुळाला टाचणी लावून पाहिली. वेदना झाली नाही! हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यांच्या परिषदेस जाण्याइतके पैसे त्यांच्यापाशी नव्हते. १५ सप्टेंबर १८८४ रोजी त्यांचा निबंध दुसऱ्या डॉक्टरांनी वाचला. पुढच्याच महिन्यात ही बातमी अमेरिकेत पोहोचली.

एवढी कीर्ती मिळूनही अपमान टळला नाही. जानेवारी १८८५ मध्ये इस्पितळातील एका डॉक्टराने त्यांना यहुदी म्हणून शिवी दिली. कोलर यांनी तेथल्या तेथे त्याच्या तोंडात मारली. प्रकरण तलवारीच्या द्वंद्वापर्यंत गेले. प्रतिपक्षी जखमी झाला, कोलर सुखरूप राहिले. पण व्हिएन्नाच्या नेत्रविभागात त्यांना हवी असलेली जागा काही मिळाली नाही. हॉलंडमधील युट्रेख्त येथे काम करून १८८८ साली ते न्यूयॉर्कला आले.

येथे माउंट सायनाय हॉस्पिटलात व स्वतःच्या दवाखान्यात त्यांनी अनेक वर्षे रुग्णसेवा केली. १९२२ साली अमेरिकन नेत्रवैद्यांच्या संस्थेने त्यांना आपले हॉवे पदक दिले. या पदकाचे ते पहिले मानकरी. २१ मार्च १९४४ रोजी न्यूयॉर्क येथे ते निवर्तले.

कोकेनचे धोके कळल्यावर त्याच्या जागी अधिक निर्धोक औषधे आली, पण कोलर यांची रीत टिकली. जन्मभूमी सोडून नव्या देशात संसार मांडणे म्हणजे काय, हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे. म्हणूनच हे चरित्र आपल्या मुलांनाही वाचून दाखवावे, अशी आमची विनंती आहे.