सार्वजनिक काका

काका म्हणजे वडिलांचा भाऊ. पण एक काका असे होऊन गेले, की ते सगळ्या लोकांचे काका होते. लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणत. त्यांचे खरे नाव गणेश वासुदेव जोशी. ते आपल्या सातारचे, म्हणून मी त्यांच्यावर लिहायचे ठरवले. बाईंनी मला माहिती सांगितली.

काकांचा जन्म १८२८ साली सातारा येथे झाला. मोठे झाल्यावर ते पुण्याला गेले. तेथे त्यांनी कोर्टात नोकरी केली. पुढे ते वकील झाले. त्या वेळी आपल्या देशावर इंग्रजांचे राज्य होते. लोकांचे गाऱ्हाणे सरकारला सांगायला कोणी नव्हते. म्हणून काकांनी आणि पुण्यातल्या मंडळींनी २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन केली. औंधचे पंतप्रतिनिधी तिचे अध्यक्ष झाले. या सभेचा एक नियम मला फार आवडला. ज्याला सभासद व्हायचे असेल त्याने निदान ५० लोकांच्या सह्यांचा कागद आणायचा. म्हंजे तो एकटा बोलणार नाही, पन्नास जणांच्या वतीने बोलणार. सुरुवातीला ९५ सभासद झाले आणि त्यांच्या पाठीशी ६००० लोक होते. काका दिवसभर सभेचेच काम करत. म्हणून त्यांना सार्वजनिक काका हे नाव पडले.

आता कापडाची गोष्ट सांगते. त्या काळी आपल्या शेतातला कापूस बोटीत भरून विलायतेला जायचा. तिथे मँचेस्टरच्या गिरण्यांत त्याचे कापड व्हायचे. आणि तेच कापड परत बोटीत बसून आपल्याकडे विकायला यायचे. ते यंत्रावर झालेले असे, म्हणून स्वस्त मिळे. मग आपल्या कोष्ट्यांचे आणि साळ्यांचे कापड कोण घेणार? त्यांचे माग बंद पडले. कापूस आपला, अंग झाकायचे आपले, पण मधली सगळी मजुरी विलायतेला गेली.

काकांना हे दिसत होते. न्यायमूर्ती रानडे यांनीही पुण्यात व्यापारावर व्याख्याने दिली. पण नुसते ऐकून काय होते? काकांनी १२ जानेवारी १८७२ रोजी शपथ घेतली, की मी यापुढे आपल्या देशातल्या हातसुताचेच कपडे वापरीन. ते स्वतः सूत कातायचे. धोतर, अंगरखा, उपरणे, पागोटे सगळे खादीचे. बाईंनी हिशेब करून दाखवला. तेव्हा महात्मा गांधी फक्त दोन वर्षांचे होते! खादी म्हटले की आपल्याला गांधीजी आठवतात, पण काकांनी ती त्यांच्या आधीच अंगावर घेतली होती.

काका फक्त कपडे बदलून थांबले नाहीत. विलायती माल घेऊ नका असे सांगायचे, तर इथला माल मिळाला पाहिजे ना! म्हणून त्यांनी देशी व्यापारोत्तेजक मंडळ काढले. शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या असल्या वस्तू इथेच तयार व्हाव्यात म्हणून खटपट केली. त्यासाठी पदरचे पैसे घातले. देशी मालाची दुकाने काढायला लावली. पुणे, सातारा, नागपूर, मुंबई, सुरत इतक्या लांब ती दुकाने निघाली.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीला मोठा दरबार भरला. इंग्लंडची राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली, हे सांगायला तो दरबार होता. राजे-महाराजे रेशमी कपडे आणि हिरेमोती घालून आले. आपले काका सार्वजनिक सभेच्या वतीने गेले, ते पांढऱ्या खादीत. त्यांनी मानपत्र दिले आणि हिंदी लोकांनाही इंग्रजांसारखेच हक्क द्या अशी मागणी त्यात केली. मला वाटते, त्या झगमगाटात काका उठून दिसले असतील. त्याच वेळी आपल्याकडे मोठा दुष्काळ होता. सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला कळवली.

काका धीट पण होते. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्यावर खटला झाला. त्यांचे वकीलपत्र घ्यायला लोक घाबरत होते. ते काकांनी घेतले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी बायकांसाठी सभा काढली. जुलै १८८० मध्ये काका वारले. ते फक्त बावन्न वर्षांचे होते.

हे सगळे मी घरी आजोबांना वाचून दाखवले. आम्ही सनगर. माझे आजोबा घोंगड्या विणायचे. मेंढरांची लोकर धनगर देणार, आज्जी ती चरख्यावर कातणार, चिंचोक्याची खळ लावून आजोबा मागावर विणणार आणि बाजारात विकणार. एका घोंगडीचे पैसे किती घरांत जायचे! आता बाजारात रंगीत ब्लँकेट स्वस्त मिळते. आमच्या मागाच्या खड्ड्यात आता सरपण ठेवतात. वाचून झाले तेव्हा आजोबा काहीच बोलले नाहीत. उठून त्या खड्ड्यापाशी गेले आणि बराच वेळ बसले.

मला वाईट वाटले, कारण मी पण ब्लँकेटच पांघरते. ते मऊ असते. घोंगडी टोचते आणि महाग पण असते. खरे सांगायचे तर पैसे कमी असले की माणूस स्वस्त तेच घेणार. माझी आई पण घेते. तिची चूक नाही. म्हणूनच मला काका मोठे वाटतात. त्यांनी गरिबाला रागावले नाही. आधी स्वतः घातले, स्वतः कातले, दुकाने उघडायची खटपट केली आणि मग लोकांना सांगितले.

दुसऱ्या दिवशी मी आज्जीला म्हणाले, मला कातायला शिकव. चरखा माळ्यावर होता. मी अर्धा तास कातले तर वीतभरच सूत निघाले, आणि ते पण तुटले. आज्जी हसली. आजोबा मात्र सरपण बाहेर काढायला लागले. ते म्हणतात, घरात जुनी लोकर आहे, एक घोंगडी होईल. ती झाली की मी शाळेत आणून दाखवणार आहे.

भिंतीपाशी उभे राहून वाचणाऱ्या आई-वडिलांना माझी एक विनंती आहे. बाजारात वस्तू घेताना ही कुणी केली आणि कुठे केली, एवढे तरी विचारा. सगळे नाही तर एखादी वस्तू आपल्या माणसाची घ्या. अशा या सार्वजनिक काकांना माझा नमस्कार.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी